फॉलोअर ठेवताय? मग त्याला ‘नाही’ म्हणू द्या

शनिवारी रात्री ग्रुपवर मेसेज पडतो, ‘उद्या जमत नाही, सेकंड शिफ्ट लागली.’ बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या भागात, काम करणाऱ्या पोरांना घेऊन डंजन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ) खेळायचं तर हे धरूनच चालावं लागतं. चौघांची पार्टी, म्हणजे खेळातली टोळी, तिघांवर येते, नेमका चिलखतवालाच गायब, आणि समोर भुयाराचं तोंड. मग कुणीतरी विचारतं, ‘अक्का, गावात मजुरीवर कोण माणूस मिळतो काय?’

मिळतो की. असा मजुरीवर ठेवलेला सोबती म्हणजे फॉलोअर, आणि त्याच्यासह सगळी गोष्ट चालवणारी, म्हणजे डीएम, मी. पण माझ्या टेबलावर एक अट आहे: त्या माणसाला ‘मी येत नाही’ म्हणता आलं पाहिजे. मी एका फाउंड्रीच्या ऑफिसात पगारपत्रकं करते, त्यामुळेही असेल, पण फुकट राबणारा, कधी न घाबरणारा, सांगाल तिकडे जाणारा माणूस मला खेळातसुद्धा पटत नाही. तसला फॉलोअर दोन सेशनमध्ये सगळे विसरतात आणि मग सापळा आला की त्याला पुढे ढकलतात. मजुरी किती, फासे कधी टाकायचे, त्याला चालवायचं कुणी, हे सगळं या एका अटीवरून ठरवता येतं.

आधी काम ठरवा, मग माणूस. नवे खेळाडू हटकून लढवय्या मागतात. मी म्हणते, मशालजी घ्या. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत मशाल तासभर जळते, २० फुटांपर्यंत लख्ख उजेड आणि त्यापुढे २० फूट अंधुक. पण ती धरायला एक हात जातो. योद्ध्याने मशाल घेतली की ढाल तरी सोडावी लागते, नाहीतर दोन हातांची तलवार. मशालजी असला की तो हात मोकळा राहतो, आणि ही मदत एखाद्या कच्च्या तलवारबाजापेक्षा जास्त कामाची. दुसरा घ्यावा तो हमाल. ५० नाण्यांचं वजन एक पौंड धरलं तर ५००० नाणी १०० पौंड, म्हणजे ४५ किलो. ड्रॅगन मारून झाल्यावर ते पोतं जिना चढवून वर कोण आणणार? वाटाड्याचं काम सरळ आहे. दुभाष्यावर पुढे बोलते, कारण तो आपल्या भागात फार रंगतो.

मजुरीचं आधी बोलून घ्या. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत बिनकसबी माणसाला दिवसाला २ चांदीची नाणी आणि कसबी माणसाला २ सोन्याची. १० चांदीचं एक सोन्याचं होतं, म्हणजे कसबी माणूस दहापट महाग. मशालजी-हमाल २ चांदीत येतात, पण तो दर मी उजेडातल्या कामाचा धरते. भुयारात उतरायचं तर दुप्पट, दोन दिवसांचे पैसे आगाऊ, आणि जिवावर बेतणारं काम असेल तर लुटीत वाटा. याच खेळाच्या १९८१ च्या जुन्या बेसिक नियमांत रिटेनरला, म्हणजे पदरी ठेवलेल्या माणसाला, अनुभवाचे गुण निम्म्या वाट्याने मिळतात; मी लुटीलाही तोच अर्धा वाटा लावते. खेळाडू कुरकुरतात. कुरकुरू देत, तेवढीच घासाघीस होते.

हत्यार कुणाचं, हेही तेव्हाच ठरवा. मराठी फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा, बारगिराला तो सरकारातून मिळायचा. तुमचा माणूस यातला कोण? पार्टीने दिलेलं चिलखत काम संपल्यावर परत करायचं असेल तर तसं लिहून ठेवा. नाहीतर जादूची ढाल घेऊन तो आपल्या गावी निघून जातो आणि खेळाडू भांडायला माझ्याकडे येतात.

आता खरी गंमत, मोराल, म्हणजे माणूस किती टिकेल ते सांगणारा आकडा. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी हा खेळ काढला तेव्हापासून करिश्मा या गुणाचं एक मोठं काम हेच होतं: किती माणसं पदरी राहतील आणि किती इमानाने राहतील. १९८१ च्या तक्त्यात करिश्मा ९ ते १२ असेल तर जास्तीत जास्त चार माणसं आणि त्यांचं मोराल ७. १३ ते १५ असेल तर पाच माणसं, मोराल ८. पुरता १८ असेल तर सात माणसं, मोराल १०. करिश्मा ३ वाल्याला एकच माणूस, तोही मोराल ४ चा. सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज मोरालइतकी किंवा कमी आली तर माणूस टिकला, जास्त आली तर गेला.

गणित करून ठेवलंय मी. मोराल ७ चा माणूस ३६ पैकी २१ वेळा टिकतो, म्हणजे ५८ टक्के. ८ चा ७२ टक्के, ९ चा ८३. म्हणून मी एकेक गुण जपून देते. मजुरी वेळेवर मिळाली तर +१, जखमी असताना औषध आधी त्याला दिलं तर +१, त्याला विचारल्याशिवाय सापळ्यावर पाठवलं तर −२. एकूण फरक २ च्या पुढे जाऊ देत नाही. जुन्या नियमात रिटेनरसाठी हा फासा मोहीम संपल्यावर टाकायचा असतो, पुढच्या वेळी येणार की नाही ते कळायला. मी आणखी दोन वेळा टाकते: पहिला सोबती पडला तेव्हा, आणि कुणी त्याला ‘तू पुढे हो’ म्हणालं तेव्हा. फासे सगळ्यांच्या समोर पडले पाहिजेत. पडद्याआड टाकून ‘तो पळाला’ म्हटलं की डीएमनेच पळवला असं वाटतं.

प्रत्येक फॉलोअरचं एक कार्ड करा, लग्नपत्रिका कापून केलं तरी चालतं. आकडे कमी, माणूस जास्त. सध्याचं एक कार्ड असं:

दुंडाप्पा. मशालजी. रोज ४ चांदी, दोन दिवसांचे आगाऊ दिले. मोराल ७. हवंय काय: बहिणीच्या लग्नाचं कर्ज फिटायला हवं. भीती कशाची: वटवाघळं. बोलणं: दर वाक्यात ‘की वो’.

भीती अशी निवडा की ती खेळात खरंच समोर येईल. खानापूर तालुक्यात बारापेडेच्या गुहा आहेत, दुर्मीळ वटवाघळांसाठी नावाजलेल्या. मी तसलीच एक गुहा उचलून भुयाराच्या दुसऱ्या मजल्यावर ठेवली. छत हललं आणि दुंडाप्पा उंबऱ्यावर थांबला. ‘आत काय हाय ते बघून सांगा की वो, मग येतो.’ फासे टाकले, ५ आणि ४, बेरीज ९. नाही म्हणजे नाही. आमच्या बार्बेरियनने तलवार काढली. मी म्हटलं, चालेल, पण मग मोराल कायमचं ५. तेवढ्यात विझर्डने त्याच्या हातची मशाल स्वतः घेतली आणि त्याला सांगितलं, ‘तू दुसरी पेटव, इथंच बस, आम्ही येईपर्यंत विझू द्यायची नाही. मजुरी पूर्ण.’ याला फासा लागत नाही. त्याला झेपेल असं काम दिलंय. अर्ध्या तासाने मागे पिशाच्चं लागलेली पार्टी धावत परतली तेव्हा वाट चुकली नाही, कारण दाराशी उजेड होता. फॉलोअर नाही म्हणाला की सौदा सुरू होतो, हे खेळाडूंना असं एकदा दिसलं की पुढे सांगावं लागत नाही.

दुभाष्याचं. आपल्याकडे घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दोन्ही आणि वर हिंदी, घाटाकडे गेलं की कोकणी. मधल्या माणसाने एक वाक्य गाळलं तर काय होतं, हे बेळगावच्या खेळाडूला समजावत बसावं लागत नाही. म्हणून माझ्याकडे एल्फांचा दरबार कन्नडमध्ये बोलतो. (राक्षसांना मराठी दिली आहे, म्हणजे तक्रार नको.) आमच्यातली कन्नड माध्यमात शिकलेली एकजण राणी होते. दुभाष्या जो चालवतोय त्याच्या हातात मी गुपचूप एक चिठ्ठी देते. तिच्यावर दोनच ओळी: राणी खरं काय म्हणाली, आणि दुभाष्याला स्वतःला काय साधायचंय. पार्टीला काय सांगायचं ते तो ठरवतो. टेबलावर कन्नड समजणारे इतर असतातच, पण त्यांच्या पात्रांना एल्फी येत नाही, त्यामुळे खोटं भाषांतर ऐकत तोंड मिटून बसावं लागतं. एकदा दुभाष्याने ‘नदीपलीकडे जाऊ नका’चं ‘नदीपलीकडे जेवण आहे’ केलं, आणि दोघींनी ओढणी तोंडात कोंबली.

चालवायचं कुणी? ज्याने ठेवला त्याने नाही. नाहीतर एकाच खेळाडूची दोन पात्रं होतात आणि ती एकमेकांचं नेहमी ऐकतात. आम्ही त्याच्या उजवीकडे बसलेल्याकडे कार्ड देतो. नकाराचा फासा पडला तर तेवढ्यापुरता मी बोलते, मग कार्ड परत. लढाईत फॉलोअर मालकाच्याच पाळीत खेळतो, एक वाक्य आणि एक कृती. सुचलं नाही तर तो मदत करतो, म्हणजे मालकाला ॲडव्हांटेज (फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा). विचार करत बसायचं नाही. तिघांच्या टेबलाला एक फॉलोअर, फार तर दोन. त्यावर गेलं की रविवारची दुपार फासे मोजण्यातच संपते.

लेव्हल लगेच देऊ नका. माणूस टिकला, सगळ्यांना हवाहवासा झाला, की २०२० मध्ये पाचव्या आवृत्तीत सविस्तर आलेले साइडकिकचे, म्हणजे पार्टीबरोबर वाढणाऱ्या जोडीदाराचे, नियम लावा. तीन प्रकार आहेत: तज्ज्ञ, जादू करणारा, योद्धा. ज्याचा साइडकिक करायचा त्याचं चॅलेंज रेटिंग (तो लढायला किती भारी, त्याचा आकडा) १/२ पेक्षा जास्त नको, आणि लेव्हल पार्टीच्या सरासरीने वाढते. मशालजी असेल तर तज्ज्ञ करा, शोभतो.

सेशनच्या मध्येच एखाद्याचं पात्र मेलं तर उरलेली दुपार फॉलोअरचं कार्ड त्या खेळाडूला द्या. नवं पात्र लिहीत कोपऱ्यात बसण्यापेक्षा ते बरं, आणि बऱ्याचदा तो पुढे तेच पात्र ठेवतो.

आणि फॉलोअर मेला तर त्याची थकलेली मजुरी घरी पोचवली का, ते डीएमने वहीत लिहून ठेवावं. त्याच गावात पुन्हा माणूस शोधताना दोन फासे टाकायचे: ९ किंवा जास्त आले तर यायला तयार, ६ ते ८ आले तर अजून बोलून बघा, त्याखाली नकार. मजुरी बुडवली असेल तर या बेरजेतून २ वजा, प्रत्येक वेळी. मग शेजारच्या गावचा माणूस बघायचा, आणि तो दर सांगेल तो द्यायचा.