उजव्या विचारांच्या नेत्याचा परिचय लिहायचाय? आधी वहीत रकाने आखा

निवडणूक लागली की नवी पोरं फोन करतात. "ताई, अमुक आमदाराचा परिचय लिहायचाय, सुरुवात कुठून करू?" पणजीत वर्तमानपत्राच्या डेस्कवर तीस वर्षं काढली, म्हणून मला विचारतात. माझं उत्तर ठरलेलं: 'कट्टर', 'संघाचा', 'हिंदुत्ववादी' हे शब्द शेवटच्या परिच्छेदापर्यंत लिहायचे नाहीत. आधी वही घ्या.

पहिल्या पानावर माणूस. गोव्याचे दिवंगत मुख्यमंत्री, भाजपचे मनोहर पर्रीकर घ्या, आमच्या म्हापशाचेच. 1955 चा जन्म, 1978 मध्ये मुंबई आयआयटीतून धातुशास्त्राचे इंजिनिअर, सव्विसाव्या वर्षी म्हापशाचे संघचालक, म्हणजे संघाचे तिथले प्रमुख. 1991 ला उत्तर गोव्यातून लोकसभेला पडले, 1994 ला पणजीतून आमदार झाले. पडलेली निवडणूक मुद्दाम लिहा. पक्षाच्या पत्रकात ती सापडत नाही.

शिक्षण, मालमत्ता, खटले यांसाठी उमेदवारी अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र उघडा. नमुना 26, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतो. मी एकदा पक्षाच्या पत्रकावरून एका उमेदवाराला पदवीधर करून टाकलं होतं. प्रतिज्ञापत्रात बारावी. दुसऱ्या दिवशी संपादकांनी दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि एक शब्दही न बोलता गेले. तेव्हापासून मी दोन निवडणुकांची प्रतिज्ञापत्रंही अशीच शेजारी ठेवते. आधी देण्यांचा आणि जोडीदाराच्या नावचा रकाना बघते.

आता भूमिका. पान आडवं धरून चार रकाने: विरोधात असताना काय बोलले, जाहीरनाम्यात काय लिहिलं, खुर्चीवर बसून काय केलं, आणि कोण रुसलं. पहिल्या रकान्यासाठी विधानसभेतले तारांकित प्रश्न (मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं ते) आणि भाषणं, तिसऱ्यासाठी अर्थसंकल्प आणि राजपत्र. मुलाखती सगळ्यात शेवटी.

काही ओळी चटकन भरतात. 2012 मध्ये पर्रीकर पेट्रोल स्वस्त करू म्हणाले, मुख्यमंत्री झाल्यावर पहिल्याच अर्थसंकल्पात पेट्रोलवरचा व्हॅट 20 वरून 0.1 टक्क्यावर आणला, लिटरमागं साधारण 11 रुपये उतरले. (पुढं काही वर्षांत कर पुन्हा वाढला, तेही त्याच ओळीत लिहा.) मांडवी नदीतल्या कॅसिनोंना विरोधात असताना कडाडून विरोध, सत्तेत आल्यावर बोटी जिथल्या तिथंच.

शिक्षणाच्या माध्यमाची ओळ मात्र सावकाश भरा. 2011 मध्ये काँग्रेस सरकारनं इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान दिलं. कोकणी-मराठीवाले रस्त्यावर उतरले, भाजप त्यांच्यासोबत. 2012 ला भाजपचे 21 आमदार निवडून आले, त्यातले सहा कॅथलिक. आणि चर्चच्या इंग्रजी शाळांचं अनुदान चालूच राहिलं. हे सहा जण लक्षात घेतल्याशिवाय ती ओळ कळत नाही. चौथ्या रकान्यात सुभाष वेलिंगकर: गोव्याचे संघप्रमुख, खुद्द पर्रीकरांच्या घरातलेच म्हणावेत असे. 2016 मध्ये संघानं त्यांना पदावरून काढलं आणि त्यांनी वेगळा पक्ष काढला. तोवर पर्रीकर दिल्लीत संरक्षणमंत्री होते, म्हणून त्या वेळचे मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर यांचं नाव लिहायला विसरू नका. सगळं खापर एकाच्या माथी फोडायची घाई इथंच होते.

आणखी एक ओळ, 2017 ची. बीफ कमी पडलं तर कर्नाटकातून आणू, असं पुन्हा मुख्यमंत्री झालेले पर्रीकर सभागृहात म्हणाले. चौथ्या रकान्यात विश्व हिंदू परिषद; तिनं राजीनामा मागितला. खाणावळी आणि मासळीबाजार बघितलेल्या गोंयकाराला यात नवल वाटलं नाही, बाहेरच्या वार्ताहरांना मात्र फार वाटलं.

आता शेवटचा परिच्छेद लिहा आणि वाटला तर तो 'कट्टर' किंवा 'हिंदुत्ववादी' शब्द वापरा. चौथा रकाना कोराच राहिला असेल तर तुम्ही नुसता जाहीरनामा उतरवलाय. मग थांबा, आणि सकाळच्या बसनं पर्वरी गाठा. विधानसभेचं जुनं कामकाज तिथंच मिळेल.