मृगाची सर येण्याआधी हातातली बॅटरी पारखून घ्या

शेतकरी बंधू-भगिनींनो,

रोहिणी नक्षत्र लागले आहे आणि पहिली जोरदार सर आता कोणत्याही संध्याकाळी येईल. ती पडली की जमिनीत दबून बसलेले हुमणीचे भुंगेरे अंधार होताच बाहेर निघतात, कडुनिंब, बाभूळ आणि बोरीवर जमून पाला खातात, तिथेच त्यांचे मीलन होते आणि उजाडण्यापूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. एक मादी साधारण ५० ते ६० अंडी घालते. त्यातून निघणारी अळी ऊस, भुईमूग आणि सोयाबीनची मुळे खाते, पण पीक पिवळे पडून आपल्या लक्षात येईपर्यंत ऑगस्ट उजाडलेला असतो आणि तोवर अळी मोठी होऊन औषधाला दाद देईनाशी होते.

म्हणून पहिल्या सरीनंतरच्या संध्याकाळी उजेड धरून भुंगेरे झाडावरून पाडून गोळा करायचे असतात. हे बहुतेकांना ठाऊक आहे. आकडी लावलेली काठी आणि रॉकेलमिश्रित पाण्याची बादलीही तयार असते. तरीही दरवर्षी मी एकच चूक पाहत आलो आहे: होळीपासून खुंटीला टांगलेली बॅटरी (टॉर्च) त्या संध्याकाळी काढली जाते आणि ती एक तर लागत नाही, किंवा दहा मिनिटांत मिणमिणू लागते. वारणाकाठच्या एका ऊस उत्पादकाच्या पहिल्या दोन्ही संध्याकाळी अशाच वाया गेल्या. तिसऱ्या दिवशी तो तालुक्याहून नवी बॅटरी घेऊन आला, तोवर झाडांवरची गर्दी ओसरली होती. सप्टेंबरमध्ये त्याच्या उसाची बेटे हाताने ओढली तरी उपटून येत होती, आणि दुकानदाराने दिलेल्या महागड्या दाणेदार औषधाचे पैसे त्या वेळी पाण्यात गेले. माझ्या अनुभवात पहिल्या मोठ्या सरीनंतरच्या तीन-चार संध्याकाळी सर्वांत मोलाच्या असतात. त्या हातच्या जाऊ नयेत म्हणून या सल्ल्यात बियाण्यापेक्षा बॅटरीवर अधिक लिहितो आहे.

या पंधरवड्यातील नेहमीची कामे:
- घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासणे; ७० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास बियाण्याचे प्रमाण वाढवणे.
- ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरणी न करणे.
- बीजप्रक्रिया.
- बांध आणि चर साफ करणे.
- मेटारायझियम (हुमणीच्या अळीला मारणारी बुरशी) एकरी ४ किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, जमिनीत ओल असताना देणे.

आता बॅटरीच्या उजेडाविषयी. खोक्यावर लिहिलेल्या वॅटच्या आकड्यावरून काहीही ठरवू नका, कारण वॅट म्हणजे खर्च होणारी वीज. बाहेर पडणारा एकूण उजेड लुमेनमध्ये मोजतात आणि झोताची एका दिशेची तीव्रता कँडेलामध्ये. झोत किती लांब जातो हे कँडेलावर ठरते. आकड्याचे वर्गमूळ काढून दुप्पट केले की मीटरमध्ये अंतर मिळते, म्हणजे १०,००० कँडेलाचा झोत २०० मीटर जातो. मात्र हे अंतर पौर्णिमेच्या चांदण्याइतका फिका उजेड पोहोचेपर्यंतचे असते. तिथला भुंगेरा ओळखता येईल असा त्याचा अर्थ नाही. आपले कडुनिंबाचे झाड सात-आठ मीटर उंच आणि रात्री वेचायची दुसरी कीड, शंखी गोगलगाय, पायाशी, तेव्हा आपल्याला लांब पल्ल्याच्या बारीक झोताची गरजच नाही. २०० ते ३०० लुमेनचा, मध्यभागी घट्ट आणि कडेला पसरट उजेड देणारी बॅटरी या कामाला पुरेशी आहे.

दुकानात मात्र हजारो लुमेनचे आकडे पुढे केले जातात. त्यांची शहानिशा साध्या हिशेबाने होते. चांगला एलईडी एका वॅटमागे ढोबळमानाने १०० लुमेन देतो, म्हणजे १०,००० लुमेनसाठी १०० वॅट हवेत आणि मुठीत मावणारा एक सेल तेवढी वीज पुरवू शकत नाही. एलईडी बॅटऱ्यांत सर्रास वापरला जाणारा १८६५० नावाचा लिथियम सेल १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब असतो. तो २६०० एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे सेलच्या साठवणीचे माप) क्षमतेचा असेल, तर त्यात सुमारे ९ वॅट-तास वीज मावते आणि ३०० लुमेनवर ती जवळपास तीन तास पुरते. आपला फेरा सात ते नऊचा, म्हणून एवढी वीज हवीच. या आकाराच्या सेलवर ९९०० एमएएच छापलेले दिसले तर तो सेल घेऊ नका, कारण या मापात ३६०० एमएएचच्या आसपासच मर्यादा येते. सोनाराच्या काट्यावर वजन करून पाहा: खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि फारच हलका भरला तर आत माल कमी आहे असे समजा. सेलवर भारतीय मानक आयएस १६०४६ ची नोंदणी खूण आहे का, तेही पाहावे.

दोन बॅटऱ्यांची तुलना दुकानाच्या काउंटरवर करू नये, कारण पहिल्या क्षणाला सगळ्याच लखलखतात. प्रमाणित मोजणीतही लुमेन दिवा लावल्यानंतर अर्ध्या मिनिटाने मोजतात. अंधाऱ्या खोलीत बॅटरी जमिनीवर उभी करून तिचा झोत छताकडे सोडा, फोनमधील उजेड मोजणारे ॲप एकाच ठिकाणी ठेवून अर्ध्या मिनिटानंतर, दहा मिनिटांनी आणि एका तासाने आकडा लिहून घ्या. आकडा खरा किती यापेक्षा तो किती घसरतो हे महत्त्वाचे. प्लास्टिकच्या अंगात एलईडीची उष्णता कोंडते आणि उजेड लवकर उतरतो. जाड ॲल्युमिनियमचे अंग उष्णता बाहेर टाकते, म्हणून ते हाताला कोमट लागणे हे चांगले लक्षण आहे.

बांधणी पाहताना झाकण उघडा. आटे खोल आणि न अडकणारे असावेत, त्यांच्या मुळाशी रबरी कडे असावे, आतली स्प्रिंग जाड असावी आणि ओल्या हाताने बटण दाबता यावे. पुढचा भाग मागेपुढे सरकवून झोत बारीक-मोठा करणाऱ्या बॅटऱ्या दिसायला आकर्षक असतात, पण त्या सरकत्या सांध्यातूनच पाणी आत जाते आणि झोत बारीक करताना बराच उजेड आतच अडतो. पावसातल्या कामासाठी त्या घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बॅटरी पाणी किती सोसते हे आयपीएक्स या खुणेवरून कळते: आयपीएक्स ४ म्हणजे उडणारे पाणी सोसणारी आणि आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकणारी. पावसात झाडाखाली उभे राहायचे असेल तर दुसरी बरी. अशी खूण असेल तर घरी आणल्यावर बादलीत अर्धा तास बुडवून पाहा आणि काचेमागे वाफ धरली तर त्याच दिवशी परत करा. डीएपीच्या एका पोत्यापेक्षा जास्त पैसे या वस्तूवर घालण्याचे कारण नाही.

ज्यांच्याकडे भिंतीच्या प्लगात खोचून चार्ज होणारी जुनी प्लास्टिक बॅटरी आहे, त्या टॉर्चच्या आत बहुधा ४ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी असते. ती उतरलेल्या अवस्थेत चार महिने पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर क्षार धरतो आणि मग रात्रभर चार्ज करूनही ती दहा मिनिटेच चालते. खुंटीवरच्या बॅटऱ्या मरतात त्या अशाच. आज रात्रीच चार्ज करून उद्या सलग दोन तास लावून ठेवा. दोन तास निघाले नाहीत तर मृगापूर्वी ती बदला.

उजेडाच्या रंगाविषयी माझा अंदाज सांगतो, तो कोणत्याही शिफारशीत नाही. निळसर पांढऱ्या झोतात पावसाचे थेंबच जास्त चमकतात आणि तपकिरी भुंगेरा तपकिरी फांदीत हरवतो. किंचित पिवळट उजेडात तो लवकर नजरेस येतो. शंखी गोगलगायीसाठी बॅटरी गुडघ्याच्या खाली, जमिनीला जवळजवळ समांतर धरावी, म्हणजे तिच्या चिकट स्रावाची वाट चकाकते आणि त्या वाटेने गेले की ती सापडते. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत याच गोगलगायींनी कोवळे सोयाबीन फस्त केले आणि अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. गोळा केलेल्या गोगलगायी मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात, हातात मोजे असावेत. प्रादुर्भाव मोठा असल्यास दाणेदार मेटाल्डिहाइड एकरी २ किलो या प्रमाणात बांधालगत आणि ओळींत टाकावे आणि जनावरे, कुत्री व कोंबड्या त्यापासून दूर ठेवाव्यात.

बॅटरी म्हणजे प्रकाश सापळा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. पांढऱ्या एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे ती कीटकांना फारशी ओढत नाही. एकाने उजेड धरावा, दुसऱ्याने फांद्या हलवाव्यात आणि खाली अंथरलेल्या ताडपत्रीवर पडलेले भुंगेरे लगेच बादलीत टाकावेत. शेजारचे चार जण सोबत आले नाहीत तर त्यांच्या बाभळीवरचे भुंगेरे आपल्याच रानात अंडी घालतील, म्हणून त्यांच्याही बॅटऱ्या पाहून घ्या.

इतके करूनही अळी आढळल्यास ती लहान असतानाच उसासाठी फिप्रोनिल ४० टक्के अधिक इमिडाक्लोप्रिड ४० टक्के डब्ल्यूजी (पाण्यात मिसळणारे दाणे) हेक्टरी ५०० ग्रॅम, म्हणजे एकरी २०० ग्रॅम, भरपूर पाण्यातून मुळांजवळ द्यावे. पुड्यावरील पत्रकात आपल्या पिकाचे नाव नसेल तर दुकानदाराच्या आग्रहाने ते वापरू नये.

रात्री जाताना पायात गमबूट घालावेत आणि झाडाकडे पाहण्याआधी झोत पायाखाली टाकावा, कारण घोणस आणि मण्यार याच वेळी फिरतात. खिशात दुसरा भरलेला सेल स्वतंत्र प्लास्टिकच्या डबीत ठेवावा. किल्ल्या किंवा नाण्यांसोबत तो कधीही ठेवू नये.