एक्स्चेंजला अमेरिकेत जाताय? या चुका टाळा, बॅगेचं नंतर बघू

मे महिना आला की कुणाचा तरी फोन येतोच, ताई, मुलाचं एक्स्चेंजला सिलेक्शन झालंय, बॅगेत काय काय भरू? मी विचारते पासपोर्टवर नाव कसं छापलंय, लसीची फाइल कुठे आहे, तर पलीकडे शांतता. तोपर्यंत जॅकेट, बूट, ट्रॉली बॅग सगळं घेऊन झालेलं असतं. मी बोलतेय ते जे-1 या एक्स्चेंजच्या व्हिसावर वर्षभर अमेरिकेतल्या हायस्कूलला जाणाऱ्या, होस्ट फॅमिलीकडे म्हणजे तिकडच्या एखाद्या कुटुंबात राहणाऱ्या मुलांबद्दल.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. आपल्या दाखल्यावर आणि मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि गिव्हन नेममध्ये बहुतेक वेळा मुलाचं आणि वडलांचं नाव एकत्र. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचा एक्स्चेंजचा फॉर्म तिच्या मामाने रात्री मोबाइलवर भरला, समोर दहावीची मार्कशीट ठेवून, पासपोर्ट आईच्या कपाटात होता आणि कपाट उघडायला कोण उठणार. महिन्याने डीएस-2019, म्हणजे एक्स्चेंजच्या संस्थेकडून व्हिसासाठी येणारा कागद, आला तर आडनावाच्या जागी वडलांचं नाव. तोवर डीएस-160, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, पासपोर्टप्रमाणे भरून झालेला, मुंबईच्या व्हिसा इंटरव्ह्यूची तारीख चार दिवसांवर. दुरुस्त डीएस-2019 येईस्तोवर तारीख गेली, पुढची मिळाली तेव्हा तिकडे शाळा सुरू होऊन गेली होती. व्हॉलीबॉल टीमची निवड ऑगस्टमध्येच होते, ती हुकली, आणि त्या पोरीने दोन वर्षं त्याच्यासाठीच घाम गाळला होता. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

म्हणून माझी सवय सांगते. पासपोर्ट उघडा टेबलावर ठेवायचा, एकाने फॉर्म भरायचा, दुसऱ्याने एक एक अक्षर मोठ्याने वाचायचं. 220 डॉलरची सेविस फी, म्हणजे अमेरिकन सरकारकडच्या विद्यार्थी-नोंदणीची फी, भरतानाही तेच, विमानाचं तिकीट काढतानाही तेच. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर व्हिसा काढायच्या आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या, नाहीतर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी एफएनयू छापून येतं, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही, आणि पुढे प्रत्येक कागदावर ते मागे लागतं.

दुसरी चूक लसीची, आणि इथे लोक हमखास म्हणतात की लहानपणी सगळ्या लसी झाल्यात हो. झाल्या असतील, पण कुठल्या? आपल्या सरकारी लसीकरणात एमआर देतात, म्हणजे गोवर आणि रुबेला. तिकडच्या शाळा एमएमआर मागतात, त्यात गालगुंडही येतो. कांजिण्यांची लस तर सरकारी यादीत नाहीच, तिकडे बहुतेक राज्यांत दोन डोस लागतात. एमएमआरच्या दोन डोसमध्ये निदान 28 दिवस, कांजिण्यांचंही या वयात तसंच. आणि या दोन्ही लसी एकाच दिवशी नाही घेतल्या तर त्यांच्यामध्येही 28 दिवस सोडावे लागतात. हिपॅटायटिस बी राहिली असेल तर तीन डोसना नेहमीच्या वेळापत्रकाने सहा महिने जातात. हे जुलैत कळून काय उपयोग? एका मुलाचं पिवळं कार्ड मी पाहिलंय, बाटलीवरची स्टिकरं निघून गेलेली, तारखा पाण्याने पसरलेल्या, एका रकान्यात नुसती बरोबरची खूण. शाळेने त्याला लसी पूर्ण होईपर्यंत वर्गात बसू दिलं नाही, होस्ट आई नोकरीवरून सुट्टी काढून त्याला दवाखान्यात नेत होती आणि इन्शुरन्सने त्यातला एक पैसा दिला नाही. सिलेक्शनचा ईमेल आला की त्याच आठवड्यात कार्ड घेऊन मुलांच्या डॉक्टरांकडे जा, इंग्रजीत लेटरहेडवर तारखांसकट यादी करून घ्या, सही-शिक्क्यासकट. आणि टीबीची टेस्ट लागणार असेल तर डॉक्टरांना लसींच्या आधीच विचारा, कारण एमएमआरनंतर लगेच त्वचेवरची टेस्ट केली तर रिझल्ट चुकू शकतो.

शाळा आणि गाव आपण निवडू शकत नाही. न्यूयॉर्क धरून बसू नका, छोटं गाव मिळू शकतं. 31 ऑगस्टपर्यंत प्लेसमेंट, म्हणजे शाळा आणि होस्ट फॅमिली ठरवणं, चालू असते, त्यामुळे शेजारच्याला पत्र आलं आणि आपल्याला नाही म्हणून रोज संस्थेच्या ऑफिसला फोन करू नका. होस्ट फॅमिलीला सहसा पैसे मिळत नाहीत, ती माणसं हौसेने मुलाला घरात घेतात. तेव्हा आमच्या मुलाला गरम पोळी लागते असं त्यांना लिहायचं नाही, उलट जायच्या आधी दोन महिने मुलाला स्वतःचं ताट घासायला आणि कपडे मशीनला लावायला शिकवा.

अकरावीचं वर्ष कसं धरणार हे इकडच्या कॉलेजकडून लेखी घ्या, तोंडी हो चालत नाही. 2025 च्या जूनपासून व्हिसासाठी सोशल मीडिया अकाउंट पब्लिक ठेवायला सांगतात, आणि डीएस-160 मध्ये पाच वर्षांतली सगळी अकाउंट लिहायची असतात, एकही लपवू नका.

औषधं मूळ पाकिटातच, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. आपल्या पॅरासिटामॉलला तिकडे ॲसिटामिनोफेन म्हणतात हे मुलाला पाठ करवा, आणि गोळ्या दप्तरात ठेवून शाळेत न्यायच्या नाहीत, त्या बहुतेक ठिकाणी नर्सकडे द्याव्या लागतात. ताजा कढीपत्ता नेता येत नाही. चिवडा, मसाले आहेत हे कस्टम्सला खरं खरं सांगा.

आणि शेवटचं तिकिटाचं. इमिग्रेशन अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर होतं, तिथेच बॅगा घेऊन सहसा परत चेक-इन करायच्या असतात. दीड तासाचं कनेक्शन स्वस्त मिळालं म्हणून घेऊ नका, पहिल्यांदा एकटं जाणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराला मी तीन तासांपेक्षा कमी कधीच देत नाही. डीएस-2019, पासपोर्ट, शाळेचं पत्र आणि होस्टचा फोन नंबर कागदावर लिहून पाठीवरच्या सॅकमध्ये, मोठ्या बॅगेत नाही.