मोचे चेहराकुंभ कसा पाहावा

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर साधारण इ.स. 100 ते 800 या काळात नांदलेल्या मोचे संस्कृतीच्या कुंभारांनी डोक्याच्या आकाराच्या मातीच्या कुंभांवर माणसांचे इतके हुबेहूब चेहरे उतरवले आहेत, की लिमाच्या लार्को संग्रहालयात त्यांच्यासमोर उभे राहिल्यावर नजर डोळ्यांवरच खिळते. ती आधी वर, तोटीकडे न्यावी. डोक्यातून निघालेल्या दोन पोकळ नळ्या कमानीसारख्या वळून एकत्र येतात आणि तेथून भांड्याचे एकच तोंड उभे राहते. रिकिबीच्या आकाराच्या या तोटीवरूनच संग्रहालयाचे संस्थापक राफाएल लार्को ओयले यांनी मोचे भांड्यांचे पाच टप्पे ठरवले. तोंडाची कड जाड असेल तर भांडे सुरुवातीचे समजावे, तोंड उंच व सरळ असेल तर चौथ्या टप्प्यातले. अस्सल व्यक्तिचित्रे बहुतांशी तिसऱ्या व चौथ्या टप्प्यांतच सापडतात. भांडे काळेभोर असून तोटीच्या सांध्याशी चिमुकले माकड बसवलेले दिसले, तर ते बहुधा नंतरच्या चिमू लोकांचे असते.

मग बाजूने पाहावे. या कुंभारांकडे चाक नव्हते. दोन भागांच्या साच्यात ओली माती बोटांनी दाबून दोन्ही अर्धे भाग जोडले जात. बाहेरचा सांधा घासून गुळगुळीत केलेला असतो, परंतु फुटक्या भांड्याच्या आतल्या अंगाला बोटांच्या खुणा स्पष्ट दिसतात. एकाच साच्यातून अनेक डोकी निघत असली, तरी तांबड्या आणि पिवळसर पांढऱ्या मातीच्या लेपाने केलेली रंगरंगोटी व दागिने वेगवेगळे असू शकतात.

म्हणूनच दोन कुंभांवरचा माणूस एकच आहे का, हे ठरवताना डोक्याचे फडके आणि कानांतली भूषणे बाजूला ठेवून पापण्या, जबडा आणि व्रण ताडून पाहावेत. पुरातत्त्वज्ञ ख्रिस्तोफर डॉनन यांनी अशाच तुलनेतून ओठावर व्रण असलेल्या एका माणसाची बालपणापासून प्रौढ वयापर्यंतची चित्रे ओळखली. चेहरे बहुतेक प्रौढ पुरुषांचे आहेत. गळ्यात दोर दिसला तर तो कैदी समजावा. स्वभावाचे अंदाज मात्र बांधू नयेत, तो मोह कितीही झाला तरी.

शेवटी माहितीपट्टी वाचावी. असंख्य कुंभ थडगी लुटणाऱ्यांनी उकरून काढल्यामुळे नेमके स्थळ क्वचितच मिळते. चिकामा, मोचे किंवा विरू यांपैकी एखाद्या खोऱ्याचे नाव दिलेले असेल, तर ते टिपून ठेवावे.