राय व्हिस्कीत धान्य कसं ओळखावं

राय म्हटलं की आपल्याला मोहरी आठवते. ही राय वेगळी, गव्हाच्या गोतातलं, कडाक्याची थंडी सोसणारं धान्य. छोट्या डिस्टिलरीतली राय व्हिस्की चाखताना मी एकाच गोष्टीच्या मागे असते: जिभेवर जे आलं, ते धान्याचं की लाकडाचं?

आधी लेबल नीट वाचा. अमेरिकेच्या नियमांनुसार धान्याच्या मिश्रणात किमान ५१ टक्के राय लागते. काठावरची ५१ टक्केवाली बहुधा मक्याच्या गोडीकडे झुकते, ९५ टक्क्यांची कोरडी आणि तिखट. (कॅनडात राय हे नाव लावायला असं किमान प्रमाण नाही.) 'स्ट्रेट' लिहिलं असेल तर ती आतून जाळलेल्या नव्या ओक लाकडाच्या पिंपात किमान २ वर्षं मुरलेली असते, आणि ४ वर्षांहून कमी असेल तर वय छापावंच लागतं. 'स्मॉल बॅच'ला मात्र कायद्यात व्याख्याच नाही, म्हणून मी त्यावर जात नाही. 'डिस्टिल्ड बाय' कोण, ते शोधते. नुसतं 'बॉटल्ड बाय' दिसलं तर आतला माल दुसऱ्याच कुणीतरी गाळलेला असू शकतो.

आता ग्लास. तोंडाशी निमुळता हवा, त्यात २० मिली पुरे. बर्फ नको. दहा मिनिटं तसाच राहू द्या, मग ओठ किंचित उघडे ठेवून वास घ्या, म्हणजे अल्कोहोल नाकाला झोंबत नाही. शहाजिरे, पुदिना, ओल्या पिठाचा वास आला तर ते धान्य. व्हॅनिला, जळकी साखर, खोबरं हे ओकचं. लवंगेपाशी घाई करू नका, ती दोन्हीकडून येते: ओकमध्ये लवंगेचा वास देणारं युजेनॉल असतं, आणि रायमधल्या फेरुलिक आम्लापासून आंबताना यीस्टही लवंगेसारखा वास तयार करू शकतं.

खात्री होत नसेल तर एक थेंब तळहातावर घेऊन दोन्ही हात चोळा. अल्कोहोल उडून जातं आणि दळलेल्या धान्याचा वास मागे राहतो. मला बाटलीची खरी ओळख इथेच पटते.

घोट छोटा घ्या, जिभेवर फिरवा. चांगल्या रायमध्ये मिरीचा तिखटपणा जिभेच्या मध्यावर उठतो आणि हळूहळू सरतो. हिरड्या आखडल्या, तोंड तुरट झालं तर पिंपावर संशय घ्या. नेहमीचं पिंप साधारण २०० लिटरचं. बऱ्याच छोट्या डिस्टिलऱ्या २० ते ४० लिटरची वापरतात. त्यात दर लिटरमागे लाकूड जास्त लागतं, रंग आणि तुरटपणा लवकर उतरतो, पण कच्च्या स्पिरिटचा कडकपणा जायला जो काळ लागतो तो काही कमी होत नाही. गडद रंगाला भुलू नका.

मग अर्धा चमचा पाणी घाला आणि पुन्हा वास घ्या. पाण्याने शहाजिरे उघडले तर मी खूश.

ग्लास संपला तरी लगेच धुऊ नका. रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी हुंगा. नुसतं भिजलेलं लाकूड आलं तर ती बाटली मी पुन्हा घेत नाही. कोरड्या काचेवर राय तेव्हाही टिकून असली, तर दुसरी बाटली त्याच बॅचची मिळते का ते आधी बघते.