जुन्या गाडीचे पॉइंट काढण्यापूर्वी

मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटाच्या चढावर जुनी पद्मिनी किंवा अँबेसेडर दम टाकू लागली, की पॉइंट (प्लगची ठिणगी पाडण्यासाठी कॉइलचा वीजप्रवाह तोडणारे यांत्रिक संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन (तेच काम सेन्सरने करणारा संच) बसवण्याचा सल्ला हमखास मिळतो. सल्ला वाईट नाही. मात्र दोष खरोखर पॉइंटमध्येच आहे, याची खात्री आधी करून घ्यावी.

पॉइंटचा फायबरचा ठोकळा कॅमवर (शाफ्टवरील फिरत्या उंचवट्यांवर) घासून झिजतो, त्यामुळे पॉइंटमधील गॅप कमी होते, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडते आणि चढावर इंजिन तापून ताकद सोडते. म्हणून प्रथम फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप मोजावी. ल्युकास कंपनीचा डिस्ट्रीब्यूटर (प्रत्येक प्लगला ठिणगीची वीज वाटणारा भाग; पॉइंट यातच असतात) असलेल्या जुन्या अँबेसेडरमध्ये ती ०.३५ ते ०.४० मिमी असते. इतर गाड्यांसाठी त्यांचे मॅन्युअल पाहावे. गॅप बदलली की टायमिंगही बदलते, त्यामुळे आधी गॅप आणि नंतर टायमिंग हाच क्रम ठेवावा आणि कॅमला किंचित ग्रीस लावावे. पॉइंट वारंवार जळत असतील, तर कंडेन्सर (पॉइंटवर ठिणग्या उडू न देणारा छोटा भाग) बदलून पाहावा.

यानंतर रोटर (डिस्ट्रीब्यूटरच्या कॅपखालचा, शाफ्टवर बसणारा फिरता तुकडा) काढून डिस्ट्रीब्यूटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहावा. तो डुगडुगत असेल, तर प्रत्येक सिलिंडरला गॅप वेगळी पडते आणि कितीही काळजीपूर्वक लावलेले पॉइंट टिकत नाहीत. इलेक्ट्रॉनिक संच ही झीज काही प्रमाणात सोसतो, पण बरी करत नाही. त्यामुळे बुश (शाफ्टला आधार देणारी नळीसारखी कडी) बदलण्याचा खर्च आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. इगतपुरीच्या पावसात गाडी बंद पडते, तेव्हाही बहुधा ओल धरलेली कॅप आणि प्लगच्या तडकलेल्या वायरी कारणीभूत असतात, आणि त्यांवर इलेक्ट्रॉनिक संच हा उपाय नव्हे.

एवढे करूनही बदल करायचा असेल, तर बॅटरीची वायर काढून रोटरच्या दिशेची खूण करावी, पॉइंट व कंडेन्सर काढून तेथे सेन्सरची प्लेट आणि शाफ्टवर चुंबकाची रिंग बसवावी. १९५०च्या दशकातील अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. अशा गाडीत साधा ऋण अर्थचा (ऋण टोक बॉडीला जोडलेल्या गाडीसाठीचा) संच जोडल्यास तो क्षणात जळतो. कॉइलच्या वाटेत बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा प्रवाह मर्यादित ठेवणारा रोधक) आहे का, हे पाहून संचाच्या सूचनेप्रमाणेच जोडणी करावी. तांब्याच्या तारेच्या प्लग वायरी काढून रेझिस्टन्स असलेल्या वायरी घालाव्यात, कारण साध्या वायरींमुळे सेन्सर गोंधळू शकतो. शेवटी डिस्ट्रीब्यूटरला जोडलेली व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे आणि टायमिंग लाइटने टायमिंग पुन्हा जुळवावे. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नये.

पॉइंट बिघडण्याआधी गाडी अडखळून इशारा देते. इलेक्ट्रॉनिक संच बहुधा एकाएकी बंद पडतो आणि रस्त्यात दुरुस्त होत नाही. म्हणून काढलेली पॉइंटची प्लेट, कंडेन्सर, फीलर गेज आणि स्क्रू ड्रायव्हर डिकीत कायम ठेवावेत.