शाळेत पाठवायचं की घरी ठेवायचं?

सकाळी सातला "आई, बरं वाटत नाहीये" असं कानावर आलं, की आपला एक हात कपाळावर आणि डोळे घड्याळावर. पण पांघरुणातून नुकत्याच उठलेल्या मुलाचं कपाळ तसंही गरमच लागतं. म्हणून आधी थर्मामीटर काढा.

आणि तोही औषध द्यायच्या आधी. मी एकदा उलटं केलं होतं. पॅरासिटामॉल पाजलं, तासाभरात लेक टुणटुणीत, आणि मधल्या सुट्टीच्या आत शाळेतून फोन. औषधाचा परिणाम चार-सहा तासांचा, तो ओसरला की ताप पुन्हा चढतो. 38 अंश सेल्सिअस (100.4 फॅरनहाइट) किंवा जास्त असेल, तर शाळा नाही. काखेत आकडा थोडा कमी येतो, हे लक्षात असू द्या. औषधाशिवाय 24 तास ताप आला नाही, की मगच दप्तर भरायचं.

ताप नसेल तर पाच मिनिटं मुलाकडे नुसतं बघा. नाक वाहतंय, पण दूध पिऊन भावंडाशी भांडतंय? खुशाल पाठवा. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होतेच.

उलट्या-जुलाबात मात्र घाई नको. मूल दुसऱ्याच दिवशी उड्या मारू लागतं, पण शेवटच्या उलटी-जुलाबानंतर 48 तास घरीच. हात साबणानेच धुवा. पोटाच्या काही विषाणूंपुढे सॅनिटायझरचं फारसं चालत नाही.

अंगावर काही उठलंय का, हे सदरा वर करून उजेडात पाहा. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, गोवरात पुरळ उठल्यापासून 4 दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून 5 दिवस सुट्टी. उवांसाठी शाळा बुडवायची गरज नाही, उपचार मात्र त्याच दिवशी सुरू करा.

काचेचा पेला दाबूनही पुरळ फिकं पडत नसेल, मान ताठ असेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा मूल निपचित पडलं असेल, तर थेट रुग्णालय गाठा.

राहिली ती दर सोमवारी उठणारी पोटदुखी. ताप नाही, जुलाब नाहीत, रविवारी काहीच नव्हतं. तिला नाटक म्हणू नका. भीतीनेही पोट खरंच दुखतं. त्या दिवशी पाठवा, आणि संध्याकाळी निवांत विचारा, वर्गात शेजारी कोण बसतं.